फुलोऱ्यातलं खोपट

"बाई, हा क्षय नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मला ते खरंच वाटेना. नगरच्या दवाखान्यात बाकावर बसून मी दुसऱ्याच उत्तराची तयारी केली होती. माझी तान्ही हौसा पारनेरला नणंदेकडे होती. क्षय निघाला तर पोर परत द्यायची नाही, हे घरात ठरून गेलं होतं.

सुरुवात साधीच झाली. लढाई संपली त्या सालचा भादवा. सोनईजवळच्या आमच्या गावात बाजरी फुलोऱ्यात आली आणि मला सकाळी शिंका सुरू झाल्या, थांबायचं नावच नाही. डोळे चोळून लाल. मग छाती भरली, श्वासाला शिट्टी वाजायला लागली. आमच्याकडे खोकला लांबला की लोक रोगाचं नाव घेत नाहीत, ताटवाटी वेगळी करतात. माझीही केली. पोर अंगावर पीत होती, ती काढून नेली. पान्हा दाटायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. बाई वाईट नव्हत्या. क्षयाला मोकळी हवा लागते, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. "रानात ऱ्हा. हितं कोंडून लई वंगाळ," म्हणाल्या. घरामागं बाजरीच्या मधोमध थोरल्या जावेचा खोकला लांबला तेव्हा तिच्यासाठी घातलेलं तुराट्यांचं खोपट होतं, तेच शाकारून मला दिलं. जाऊ त्यातून परत आली नव्हती.

वारा सुटला की कणसांवरून पिवळी धूळ उठायची. अंथरूण झटकलं तरी परत बसायची. चहूकडे मोकळी हवा, आणि मला श्वास मिळेना. जावेची आठवण सारखी यायची. ओठ निळे पडले तेव्हा मालकांनी गाडी जुंपली.

दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. नुसती वाट बघायची. नवल म्हणजे तिथं मला उतार पडायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घरी झोपता कुठं?" मी सांगितलं. त्यांनी मालकांना फुलोऱ्यातलं कणीस आणायला लावलं, माझ्या दंडावर सुईनं ओरखडा काढून ती धूळ लावली. बघता बघता गांध उठली.

"याला इंग्रजीत 'हे फीवर' म्हणतात, 'हे' म्हणजे वाळलं गवत. नावात ताप आहे, पण ताप येत नाही. फुलोऱ्याची धूळ, म्हणजे पराग, तुमच्या अंगाला सोसत नाही. ही अ‍ॅलर्जी. छातीत उतरली की दमा."

बायांनो, हे दर वर्षी येतं. फुलोऱ्यात सकाळच्या वाऱ्याला जाऊ नका, दार लावून घ्या, नाकाला ओलं फडकं बांधा. रानातून आलात की डोकं धुवा, लुगडं बदला. दम लागला तर दवाखाना गाठा. आणि थुंकी तपासल्याशिवाय कुणाची पोर काढून नेऊ नका.

हौसा मला मिळाली. आता दुडुदुडु पळते. परवा फुलोऱ्याचा वारा सुटला आणि तिला शिंका आल्या, एकामागून एक. आत्याबाई दळत होत्या. जातं थांबलं. त्यांनी मागच्या दारातून खोपटाकडे बघितलं. मी पोरीला पोटाशी धरलं. त्या कोयता घेऊन रानात गेल्या.

आल्या तेव्हा डोक्यावर तुराट्यांचा भारा होता. तो चुलीपाशी टाकला.

"थोरलीलाबी अशाच शिंका यायच्या," एवढंच बोलल्या, आणि दार लावून घेतलं.