कमलचं अंग भरलं तेव्हा

विलासचा फोन आला तेव्हा मी आष्ट्याच्या बाजारात मेथी घेत होते. पलटणीत उमेदीची वर्षं घालवलेला माझा धाकटा भाऊ, एवढंच म्हणाला, "आक्का, ही उठंना गं..." 'ही' म्हणजे त्याची बायको, कमल. मी माहेरी लोणंदला पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर सांगून गेले होते. दीड महिना होत आला, तरी विलासचा तो आवाज कानातून जात नाही.

कमल लग्न होऊन आली तेव्हा उसाच्या चिपाडासारखी होती. विलास काश्मीरला गेला आणि दोन-चार वर्षांत ती अंगानं चांगली भरली. आमच्याकडे सून भरली की चौकशी संपते. सासर मानवलं, पोरगी सुखात आहे, असा निकाल लागतो. आई तर आल्यागेल्याला तिला कौतुकानं दाखवायची. मीही चिडवायचे, की विलासला घरी बसवू आणि सीमेवर तुलाच पाठवू, एकटी खिंड अडवशील. कमल हसायची आणि पदर पुढे ओढून घ्यायची.

घरापुढे गाडी थांबली की मात्र तिचे हात थांबायचे. शिरवळकडचा एक जवान गेल्याची खबर अशीच गाडीतून आली होती, तेव्हापासूनचं हे. भाकरी तव्यावर करपायची आणि ही दाराकडे बघत राहायची. गाडी दूधवाल्याची निघाली की मग शेंगदाणे, गूळ, शिळी चपाती, हाताला लागेल ते खात सुटायची. विलास रिटायर होऊन घरी आला. आता ही निवांत होईल, असं सगळ्यांना वाटलं. तो शेजारी घोरत असायचा आणि हिचे कान दाराशी! आता आष्ट्यात माझ्या दारात गाडी थांबली की माझेही हात थांबतात...

गेल्या वर्षी तिचे गुडघे धरले, रक्तात साखर निघाली, म्हणून मी तिला सांगलीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी झोपेचं विचारलं आणि कमल पहिल्यांदाच सगळं बोलली. बाईंनी समजावलं, की धोका दिसला की शरीर सावध होतं, टळला की सैल पडतं. पण ते वर्षानुवर्षं सावधच राहिलं तर ताणाची रसायनं भूक वाढवतात, चरबी पोटाभोवती साठवतात. ती चरबीही नुसती पडून राहत नाही. अंगात बारीक दाह धुमसत ठेवते, त्यानं रक्तवाहिन्या बिघडतात आणि शरीराला पुन्हा वाटतं, धोका आहेच. प्रत्येक जाड माणसाचं असंच असतं असं नाही, हेही त्या म्हणाल्या. इतकी वर्षं आम्ही ज्याचं कौतुक केलं ते काय होतं हे कळल्यावर मला कमलकडे बघवेना.

परतताना एसटीत ती म्हणाली, "वन्सं, ह्यास्नी यातलं काय बी सांगू नका." का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मी सुखात हुते असं वाटतंय त्यास्नी. तेवढं ऱ्हाऊ द्या." मला तिचा राग आला, रडूही आलं. तरी मी शब्द दिला.

परवा लोणंदला गेले होते. विलासनं भिंतीवर तिचा फोटो लावलाय, गोबऱ्या गालांचा, तो तिकडे असताना मीच काढून पाठवलेला. "ह्यो माझ्या खिशात असायचा," तो म्हणाला. "बरोबरची पोरं इचारायची, हवालदार, एवढ्या गोळीबारात तुमास्नी झोप कशी लागती? मी ह्यो दाखवायचो. म्हणायचो, बघा, घरी समदं ब्येस हाय." मग माझ्याकडे वळला. "सुखात हुती न्हवं, आक्का?"

मी हो म्हणाले.

त्यानं जरा तिरका झालेला फोटो सरळ केला. मग हळूच म्हणाला, "मग मला कवा बी जाग आली, तरी ही जागीच कशी असायची गं?"