थंड हाताला पोट खरं सांगत नाही

दोन म्हातारे डॉक्टर भेटले की औषधं राहतात बाजूला, किस्सेच निघतात! आमचे बहुतेक भाऊसाहेबांचे. भाऊसाहेब म्हणजे ठाण्याच्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. राणीच्या राज्यातली गोष्ट. मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून मी आणि विनायक त्यांच्या हाताखाली शिकायला गेलेलो.

पहिल्याच दिवशी विनायक एका रोग्याच्या पोटातल्या प्लीहेबद्दल ऐटीत म्हणाला, “त्या कोपऱ्यातली हिवतापाची पाणथरी बघितलीत? केवढी सुजलीय!”

भाऊसाहेब त्या खाटेपाशी गेले, हात जोडले. “नमस्कार, पाणथरीबाई! गाव कुठलं?”

खाटेवरचा मिशाळ गडी गोंधळला. “मी बाळ्या म्हात्रे, कळव्याचा!”

“ऐकलंत, विनायकराव?”

*

क्विनाईन कुणी घेईना. विनायक म्हणे, “काही कडू नसतं हो!” भाऊसाहेबांनी पूड त्याच्याच जिभेवर ठेवली. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की अख्खा वॉर्ड हसला, आणि हसता हसता सगळ्यांनी पूड घेतली!

*

ऐन थंडीत मी एका आजींचं पोट तपासत होतो. लाकडासारखं कडक! “भाऊसाहेब, आत मोठी सूज दिसते.”

त्यांनी माझा हात स्वतःच्या गालाला लावला आणि दचकले. “आधी शेगडीपाशी जा. थंड हाताला पोट खरं सांगत नाही!”

हात शेकून आलो, तर पोट मऊ.

*

कल्याणला एका व्यापाऱ्याच्या बायकोला बघायला गेलो. विचारावं तिला, उत्तर द्यावं नवऱ्यानं. “डावीकडे दुखतं. भूक नाही. झोप नाही.”

“बरं,” भाऊसाहेब त्याला म्हणाले, “जीभ दाखवा!”

त्यानं दाखवली की हो! बायको खुदकन हसली आणि पहिल्यांदा बोलली, “उजवीकडे दुखतं.”

*

चेंदणीच्या धर्मा कोळ्याचा पाय सडला होता. कापला नाही तर माणूस जाणार. विनायकनं पुष्कळ समजावलं, क्लोरोफॉर्मनं काही कळत नाही म्हणून सांगितलं. धर्मा नाहीच म्हणत राहिला.

“फार बोललात, विनायकराव,” भाऊसाहेब म्हणाले. “आता विचारा.”

विनायक खाटेवर टेकला. “धर्मादादा, भीती कसली वाटते?”

धर्मा म्हणाला, “पाय कापाल, मंग टाकाल कुठं? कुत्री नेतील.”

विनायकचं घर कडक सोवळ्यातलं. तरी तो म्हणाला, “मी स्वतः नेऊन पुरीन.”

ऑपरेशन झालं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय दोन्ही हातांवर घेऊन विनायक भर दुपारी बाजारातून चालत गेला, मागून धर्माची बायको. खाडीकाठी खड्डाही त्यानंच खणला.

परतला तेव्हा धर्मा शुद्धीवर आला होता.

“पुरला?”

“पुरला. वहिनींनी वर फुलं ठेवली.”

धर्मानं डोळे मिटले. “मंग आता दे तुझं औषध.”