देवकीबायचा शब्द आणि मनालीचा चिखल्या

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानावर पत्र्याखाली एक खोली आहे. तिला मी हॉल म्हणतो, बाकीचे भट्टी म्हणतात. वर्षातून तीनदा तिथे मी राक्षसांच्या झुंजीच्या खेळाची स्पर्धा भरवतो. तालुक्यात क्रिकेटचे चषक उदंड झाले. उन्हात धावायची ताकद माझ्यात नाही, म्हणून मी हा बसून खेळायचा चषक काढला. पंधरा-वीस पोरं येतात, एकमेकांचे फोन जोडतात आणि दिवसभर आरडाओरडा करतात. त्या पोरांत एक दिवस डोक्याला रुमाल बांधलेली, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेली एक बाई आली आणि म्हणाली, "धनेशभाऊ, बायांना चालतं का?" ती मनाली.

मनालीचं माहेर वाशिंदचं. लग्न होऊन ती मुरबाडपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात आली आणि इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया गप्पा मारत, तेव्हा ही डबा उघडा ठेवून फोनवर झुंजी लावायची. पहिल्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत आपटली. पोरं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

तिच्याकडे एक जनावर होतं. खेळात त्याचं नाव भलतंच लांबलचक आहे, पण आमच्याकडे सगळे त्याला चिखल्या म्हणतात. पाठीवर चिखलाचा पोपडा, बुटके पाय, चेहऱ्यावर म्हशीची शांती. या खेळात प्रत्येक जनावराला वाढवताना शंभर गुण मिळतात. ते ताकदीला द्या, ढालीला द्या, नाहीतर वेगाला द्या. शिवाय चारच डाव शिकवता येतात. बाकीची जनावरं जन्मतःच एकेका कामाची असतात. चिखल्याचं तसं नाही. तो मारू शकतो, मार खाऊन उभा राहू शकतो, जोडीदाराच्या जखमाही भरू शकतो. मनालीने हे वाचलं आणि तिला वाटलं, वा, सगळं येणारं जनावर आपल्या हाती लागलं. तिने गुण समान वाटले. एक डाव मारायचा, एक अडवायचा, एक जखम भरायचा, एक पळायचा. झालं काय, की तो मारायचा तेव्हा समोरचा मरायचा नाही आणि अडवायचा तेव्हा हाच मरायचा. ना धड घरचा, ना धड घाटचा.

त्याला मार्गावर आणलं ते तिच्या सासूने. देवकीबायने आयुष्यात फोन फक्त कानाला लावला होता.

देवकीबाय म्हणजे आमच्या भागातली बियाण्याची बाई. दुकानातली पिशवी सगळेच आणतात, पण घरचं जुनं भात ज्यांना हवं असतं ते देवकीबायकडे येतात. हळवं भात लवकर पिकतं, ते माळावरच्या जमिनीला. गरवं उशिरा पिकतं, ते खोलगट खाचराला. मधलं निमगरवं. आता मजा अशी, की पायलीत भरल्यावर यातलं कुठलं कुठलं ते भल्याभल्यांना ओळखू येत नाही. तुम्ही पेरता, लावता, आणि चार महिन्यांनी कळतं तुम्ही काय नेलं होतं ते. तोवर तुमच्याकडे असतो फक्त देवकीबायचा शब्द. तीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच म्हणा.

एक दिवस मनाली हरून तोंड पाडून बसली होती. देवकीबाय सुपात भात पाखडत होती. तिने विचारलं, काय झालं. मनालीने आपलं सगळं रडगाणं गायलं. देवकीबायने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तुझं जनावर निमगरवं हाय. आणि तुला वाटलं, निमगरवं म्हंजे कुठंबी पेरा. तसं नसतं गो. ते माळावर बी चालतं, खाचरात बी चालतं, पन एका टायमाला एकाच जागी. कुठं पेरायचं ते तू आधी ठरव."

मनालीने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. पाच वर्षं ही पोरं माझ्या भट्टीत घाम गाळतायत, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. जात सगळीकडे चालणारी असते, पण एकेका जनावराला एकच काम द्यावं लागतं. मनालीने तीन चिखल्ये वाढवले. एकाचा सगळा जोर ढालीवर, एकाचा वेगावर आणि ताकदीवर, एक नुसता जोडीदाराची सेवा करणारा. तिघांचे चेहरे सारखेच. समोरच्याला झुंजीआधी फक्त चेहरा दिसतो. आता त्याने अंदाज बांधत बसायचं, की यातला कुठला आला.

मनाली जिंकायला लागली. आणि देवकीबायला त्याचा असा काही अभिमान चढला की विचारू नका. रोज संध्याकाळी सून कामावरून आली की तिचा पहिला प्रश्न, "आज काय शिकवलंस त्याला?" मनाली सांगायची. आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये, बाजारात, पाण्यावर, देवकीबाय ते सगळं जसंच्या तसं गावाला सांगायची. "आमच्या मनालीचा चिखल्या आता ढाल घेऊन बसतो, बघा." लोकांना काही कळायचं नाही, पण ते माना डोलवायचे.

एकाला मात्र कळायचं. पलीकडच्या गावातल्या कमळाबाईचा मितेश कॉलेजात जातो आणि माझ्या स्पर्धेतला तो पक्का खेळाडू. कमळाबाई देवकीबायची जुनी गिऱ्हाईक, दर वर्षी निमगरवं नेणारी. दोघी एकाच जीपने बाजारात यायच्या. देवकीबाय बोलायची, कमळाबाई घरी जाऊन लेकाला सांगायची. यात कपट कुणाचंच नव्हतं. आमच्याकडे जीपमध्ये बसल्यावर गप्प राहणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात.

मनालीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने सासूला गप्प बसायला सांगायला हवं होतं. तिने तसं केलं नाही. गेल्या जानेवारीत, म्हसा गावची जत्रा आटोपल्यावर माझी स्पर्धा होती. आठ दिवस ती रोज संध्याकाळी सासूला सांगत राहिली, "आई, चिखल्याची ढाल अजून जाड केली." आणि फोनमध्ये ती वेगवान, मारका चिखल्या तयार करत होती.

अंतिम झुंज मनाली आणि मितेशची लागली. देवकीबाय नवं लुगडं नेसून पहिल्यांदाच भट्टीत आली होती. शेजारी कमळाबाई. मितेशने ढालीला पुरून उरेल असं जनावर आणलं होतं, जळूसारखं, हळूहळू रक्त पिणारं. चिखल्याने त्याला तोंड उघडायला वेळच दिला नाही. तीन फटके, खेळ खलास. मी टाळ्या वाजवल्या. माइकवर म्हणालोसुद्धा, "डोकं बघा बाईचं! सासूलाही पत्ता लागू दिला नाही!"

ते वाक्य मी आजही परत गिळायला तयार आहे. देवकीबायने चषकाकडे पाहिलंच नाही. ती कमळाबाईकडे वळून म्हणाली, "मला ठावं नव्हतं गो. देवाशप्पथ." कमळाबाई हसली. "र्‍हाऊ दे गो, खेळ तर हाय," म्हणाली. पण ते हसू मी पाहिलं होतं, आणि ते काही बरं नव्हतं.

घरी गेल्यावर देवकीबाय भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सांगायचं नव्हतं तर नाय सांगायचं. मी काय तुला मारनार होते? माझ्या तोंडातून खोटं कशाला वदवलंस?" मनालीने माफी मागितली. देवकीबायने बरं म्हटलं. पण त्या दिवसापासून संध्याकाळचा तो प्रश्न बंद झाला. सून कामावरून यायची, सासू चुलीकडे तोंड करून बसलेली असायची.

मे महिन्यात बियाण्याचे दिवस आले. कमळाबाई पोतं घेऊन आली, ओसरीवर बसली. देवकीबायने कणगीतून भात काढलं. ओंजळीत घेऊन कमळाबाईने ते उलटसुलट केलं, जे तिने तीस वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि म्हणाली, "हे निमगरवंच ना गो? नाय म्हंजे, चिखल्यासारखं नको व्हायला." ओसरीवरच्या बाया खदखदून हसल्या. कमळाबाईने थट्टाच केली असेल. पण पोतं तिने रिकामंच उचललं. अजून टाइम हाय, बघते, असं काहीतरी म्हणाली. देवकीबायने भात पुन्हा कणगीत ओतलं, झाकण लावलं आणि त्या दिवशी जेवली नाही.

हे मला मनालीने दुकानात येऊन सांगितलं. ती उभी राहूनच रडली. गिऱ्हाइकं बघत होती, तिला त्याचं काही नव्हतं. "भाऊ, मी एका झुंजीसाठी तिची तीस वर्षं घालवली," ती म्हणाली. मी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. माइकवर बोललो होतो तेवढं पुरे होतं.

मग तिनेच उपाय काढला. मेच्या शेवटच्या रविवारी माझी दुसरी स्पर्धा होती. तिने सासूला सगळं खरं सांगितलं: या खेपेला पण वेगाचाच चिखल्या आणतेय, पहिला फटका तोच मारणार. आणि म्हणाली, "आई, जीपमध्ये सांगा. मितेशला कळू दे. मी हरले तर हरले, पण तुमचा शब्द खरा ठरेल." देवकीबाय नको म्हणत होती. शेवटी सुनेच्या हट्टापायी तिने कमळाबाईला सांगितलं.

पुन्हा तीच जोडी समोर आली. या वेळी तीन झुंजी, दोन जिंकेल तो पुढे. सामना सुरू झाल्यावर जनावराचे गुण बदलता येत नाहीत, कुठलं जनावर उतरवायचं तेवढंच बदलता येतं. देवकीबाय भिंतीला टेकून बसली होती, कमळाबाई पलीकडे. मितेश काय उतरवतो याच्यावर तिचे डोळे लागले होते. तिला खेळ कळत नव्हता, पण जानेवारीतली ती जळू तिने ओळखली. ढालीवर उतारा म्हणून आणायचं जनावर. मितेशने तेच उतरवलं. चिखल्याने पहिला फटका मारला, दुसरा मारला, तिसऱ्याची गरज पडली नाही. मनाली जिंकली.

मितेश वैतागून आईकडे वळला. "तूच म्हनालीस ना, म्हातारी सांगते त्याच्या उलटं धर!"

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. देवकीबायनेही ऐकलं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती उठायला लागली. खरं बोलूनही ती खोटी पडली होती, आणि तिची सून त्याच्यामुळेच जिंकली होती.

"आई, बसा," मनाली म्हणाली. ती उठली, आपला फोन घेऊन मितेशच्या समोर गेली आणि तिने चिखल्याचं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. किती गुण कशाला, चारही डाव, सगळं. "वाच. मोठ्यानं वाच."

मी ओरडलो, "अगो, काय करतेस? अजून दोन झुंजी बाकी हायत!" असं करू नये असा नियम माझ्या स्पर्धेत नाही. असं कोणी करील असं मला वाटलंच नव्हतं.

मितेश वाचू लागला. वेग, ताकद, ढाल शून्य. पहिला फटका. वाचता वाचता त्याचा आवाज उतरला. मनाली कमळाबाईकडे बघून म्हणाली, "मावशी, आई खरं बोलली होती. जानेवारीत पन ती खरंच बोलत होती. खोटं मी तिला सांगितलेलं. तिनं नाय."

पुढच्या झुंजीत मितेशने जाड कातड्याचा डोंगऱ्या उतरवला. चिखल्याचा फटका त्याने सहज झेलला आणि परत दिला. तिसऱ्या झुंजीत मनालीने सासूचा शब्द राखायला चिखल्या तोच ठेवला, जोडीदार बदलून पाहिले, बराच वेळ तग धरला, पण आपला पत्ता उघडा असल्यावर कितीसं चालणार? ती हरली. देवकीबाय मात्र भिंतीला ताठ बसली होती. जानेवारीत सून जिंकली तेव्हा ती अशी बसली नव्हती.

रोहिण्या लागून आठवडा झाला तेव्हा कमळाबाई पोतं घेऊन पुन्हा ओसरीवर आली. "दोन पायल्या निमगरवं दे," एवढंच म्हणाली. भात हातात घेऊन बघितलं नाही. देवकीबायने दोन पायल्या मोजून वर एक ओंजळ टाकली. त्या संध्याकाळी मनाली कामावरून आली, तर चुलीपाशी दोन कप चहा ओतलेला आणि सासू दाराकडे तोंड करून बसलेली.

"आज काय शिकवलंस त्याला?" तिने विचारलं.

मनाली आता तिला सगळं खरं सांगते, एकही डाव मागे ठेवत नाही. तरी पावसाळ्यानंतरच्या स्पर्धेत तिला कोणी हरवू शकलं नाही, मितेशसुद्धा. मला राहवेना. मी मुद्दाम एकदा देवकीबायच्या जीपमध्ये जाऊन बसलो. कमळाबाई तिला कोपराने ढोसत होती, "सांग ना गो, कुठला चिखल्या हाय या खेपेला?"

तीस वर्षं त्या जीपमध्ये अखंड बोललेली देवकीबाय मांडीवरची पिशवी आवळून म्हणाली, "ठावं हाय मला. पन सांगायची नाय. माझ्या सुनेनं मला सांगितलंय ते."