पैंजणाच्या कामात भाजलं

माझ्या सगळ्या लबाड्या नातवंडांना पाठ आहेत. ही एक सोडून. ही मी अजून कुणापुढे काढलेली नाही — आणि गंमत बघा, हिचाच मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

आमचं घर हुपरीचं. घरातच चांदीचं काम. बायका जाळावर पैंजणाच्या कड्या सांधतात, त्यामुळे हाताला भाजल्याच्या खुणा नाहीत अशी बाई आमच्या गल्लीत सापडायची नाही. वीस वर्षांपूर्वी माझ्या लेकानं, भाकरीला उशीर झाला म्हणून, तापलेलं उलथनं सुनेच्या दंडावर टेकवलं. मी तिथंच होते. काय केलं मी? तव्यावरची भाकरी उलटली — करपेल म्हणून.

चटका चिघळला. गावात दाखवलं तर बोभाटा, म्हणून सुनेला, सुनंदाला, बसनं कोल्हापूरला नेलं, राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे. बाई हुशार. डाग बघून म्हणाल्या, आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. आजी? अठ्ठेचाळिशीतली मी, नव्या इरकलीत नटून गेलेली — मला राग आला तो त्या शब्दाचा. उठले नाहीच. वर ठसक्यात म्हणाले, "बाई, हुपरीची पोर हाय ही. पैंजणाच्या कामात भाजलं. भाजल्याबिगर आमच्यात कोण शिकतंय व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं माझ्याकडे. मग तिनं मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये ही बया — म्हणजे मीच — खिडकीशी बसून स्वतःवर खूश. काय सुचलं, काय वेळेला सुचलं! घराची अब्रू राखली, सुनेलाही चारचौघांत उघडं पडू दिलं नाही. तिला मनातून बरंच वाटलं असणार, असं मी धरून चालले. किती वर्षं? वीस.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी सहज त्या डॉक्टरीणबाईंची आठवण काढली, हसत. सुनंदाचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "आत्ती, बसमदनं जाताना म्या पाठ केलतं. नवऱ्यानं चटका दिला, एवढंच. तुमी भाईर गेला की सांगणार होते."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वीस वर्षं मी जिला वाचवलं म्हणत होते, तिचं तोंड मीच दाबलं होतं?

माझी सासू अशी, माझा नवरा तसा, मीही मार खाल्ला — हे लिहायला हात शिवशिवतोय. पण पैंजणाचं ते वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मला सुचलं. आणि लेकाचा हात पुढं थांबला, तो त्याचे गुडघे गेल्यावर. मी थांबवला नाही.

मग नंतर का नाही सांगितलंस कुणाला, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली, "नंतर कुणी इचारलंच न्हाय की."

एका घरात, एका चुलीपाशी होतो आम्ही. मीही नाही विचारलं.