मेला धनाजी!

डास मारला की हौसावहिनी मोठ्यानं ओरडायची, "मेला धनाजी!" धनाजी तिचा धाकटा दीर, माझा सख्खा भाऊ. त्याचं घर भिंतीपलीकडं, आणि त्याला ऐकू जावं म्हणूनच ती ओरडायची. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले ती वहिनीकडंच राहिले, त्यामुळे रोज संध्याकाळी धनाजीला दहा-वीस वेळा मरताना मी ऐकलंय.

नव्वद सालानंतर सांगलीजवळच्या आमच्या नदीकाठी वीटभट्ट्या वाढल्या. धनाजीनं घरामागचं शाळूचं रान भट्टीवाल्याला खणायला दिलं. माती गेली, पुरुषभर खड्डा उरला. पावसाचं पाणी त्यात महिनोन् महिने तुंबायचं. डास आधीही होते, पण आता तोंड उघडायची सोय राहिली नाही. दुसऱ्याच वर्षी वहिनीची मंगल हिवतापानं गेली. लग्न ठरलेली पोर होती हो!

"खड्डा बुजव," वहिनी त्याला म्हणाली.

"वैनी, डास काय मी पाळल्यात व्हय?"

"पाळल्यास की! माझ्या लेकीचं रगत पाजून पाळल्यास."

मग तिनं सरकारी दवाखान्यातून घागरीत गप्पी मासे आणून खड्ड्यात सोडले. काठावर उभी राहून त्यांना बजावायची, "खावा रं, एकबी सोडू नगा." मासे डासांच्या अळ्या खातही होते. पण उन्हाळा लागताच धनाजीनं पाणी उपसलं आणि आणखी माती विकली. मासे तडफडून मेले. वहिनी रडली नाही. मला म्हणाली, "आक्का, ह्याला मी मेल्यावरबी सोडायची न्हाई." ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढं वहिनीही गेली. तिसऱ्या दिवशी सावडायला सगळी भावकी जमली. राख नदीला न्यायला निघाले तशी मी आडवी आले. "वैनीनं सांगून ठेवलंय. राख धनाजीच्या खड्ड्यात टाकायची, आन् वर मातीची पहिली पाटी धनाजीनं."

मेलेल्या माणसाचा शब्द, तोही भावकीपुढं. धनाजी नाही म्हणेल कसा? पुढं सगळा खड्डा त्यालाच ट्रॅक्टर लावून बुजवावा लागला, कारण भावजयीच्या राखेवर कुदळ मारून आणखी माती काढायला भट्टीचा एक गडी तयार होईना.

त्या दिवशी तो पाटी घेऊन काठावर उभा होता. मान खाली, दोन्ही हात गुंतलेले. एक डास आला आणि त्याच्या मानेवर बसला. मी पुढं झाले, चांगली सणसणीत चापट ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मेला धनाजी!"