कोड बाबांच्या फोनवर

वर्ध्याच्या वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण तळेगावच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या गावची. कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली, ती तिच्या अख्ख्या वस्तीतली. निघताना तिच्या बाबांनी बजावलं होतं, तिथून तक्रार आली की सामान बांधायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी वास मारू लागलं. मुली आजारी पडत होत्या, पण बोलत कुणी नव्हतं. मैत्रिणीनं कॉलेजच्या वेबसाइटवर निनावी तक्रार टाकायचं ठरवलं. वसतिगृहाच्या वायफायवरून टाकली तर वसतिगृह सांभाळणाऱ्या मॅडमना कळेल, अशी तिला भीती. मग तिला एक फुकटचा प्रॉक्सी सापडला, म्हणजे अशी वेबसाइट की जिच्या आडून दुसरी उघडली तर आपण कोण ते पलीकडे दिसत नाही. टाकीचा फोटो ईमेलमध्ये होता, म्हणून तिनं ईमेलही तिथूनच उघडली. तक्रार गेली.

दुसऱ्या दिवशी ईमेलचा पासवर्ड चालेना. दुपारी मॅडमनी बोलावलं. तिच्या ईमेलवरून वसतिगृहाच्या ऑफिसला जुगाराच्या जाहिराती येत होत्या.

"हे काय पाठवून राह्यली तू? उद्यापर्यंत बंद नाही झालं तर घरी फोन करीन."

आम्ही कॉम्प्युटरच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, "पलीकडच्याला तू दिसली नाहीस. पण मधे जो बसला होता त्याला पासवर्डसकट सगळं दिसलं. तो कोण, माहीत आहे?"

खोलीवर येऊन ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नंतर, आधी ईमेल परत घेऊ. माझ्या फोनवर प्रयत्न केला, तर पासवर्ड बदलायचा कोड तिच्या बाबांच्या नंबरवर जाणार होता. शाळेत असताना घरात फोन एकच. आमच्यासारख्या कितीतरी मुलींची ईमेल अशीच बापाच्या नंबरवर उघडलेली असते.

"मंग राहू दे मेल," ती म्हणाली.

"उद्या मॅडम फोन करतीन. त्यायच्या आधी तू कर."

तिनं फोन स्पीकरवर लावला.

"बाबा, तुमच्या फोनवर मेसेज येईन. त्यातले आकडे सांगा."

"काऊन वं? आकडे कोणाले सांगू नोका म्हणते बँकवाले."

"मीच हाओ ना, बाबा."

"मंग काय झालं ते सांग पयले."

तिनं सगळं सांगितलं.

"पाणी खरंच वास मारते?"

"हो."

"त्या फुकटवाल्याले समदं सांगतलं, अन् मले नाई?"

"तुमी घरी न्याल म्हणून."

"न्यायचं का नाई ते मंग पाहू. आकडे लिहून घे."

बोलण्यात पहिल्या कोडची मुदत संपली होती. दुसरा मागवला, त्यांनी तो थांबत थांबत वाचला, आणि ईमेल उघडली. पासवर्ड बदलला, बाकी सगळीकडून लॉगआउट केलं.

सकाळी टाकीच्या पाण्याची बाटली घेऊन आम्ही दोघी मॅडमकडे गेलो आणि तक्रार कुणाची ते सांगितलं. टाकी धुवायला त्यांनी वेळ लावला; तोवर आम्ही रोज बाटली नेत राहिलो.

त्या वसतिगृहानं मला पदवीपर्यंत नेलं, म्हणून नव्या मुलींना भेटायला मी अजून जाते. नाव लपवू नका असं मी म्हणत नाही, कधी कधी लपवावंच लागतं. पण मधे कोण बसलाय ते विचारल्याशिवाय त्यांना सोडत नाही.

ईमेल परत मिळाली त्या दिवशी मी मैत्रिणीला म्हटलं होतं, आता त्यात बाबांच्या जागी तुझा नंबर टाक.

"त्यायचाच राहू दे," ती म्हणाली.