काकूंची जीन

नांदुऱ्यात कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला जीन म्हणतात. नववीत शाळा सोडलेला मी पंचविशीत कोकणातून येऊन तिथं कामाला लागलो. घरमालकीण काकू तुळशीला पाणी घालणाऱ्या, प्रत्येक बोलण्याआधी 'आयक' म्हणणाऱ्या. आधीच्या भाडेकरूला त्यांनी पिण्यावरून काढलेलं, म्हणून मी कायम धाकात.

"आयक, जीन आवडते का रे तुले?"

"जीनवरच तर पोट आहे, काकू!"

"अरे बापा!" म्हणत त्यांनी लोणच्याच्या बरणीमागून दारूची बाटली काढली. काकूंची जीन म्हणजे ही दारू! ती जीन, लिंबू, साखरेचा पाक आणि बर्फ डब्यात घालून त्यांनी खळखळ हलवलं, चहाच्या गाळणीनं गाळलं, वर सोडा ओतला.

कुणी बघेल म्हणून मी घाईनं दार लावायला उठलो.

"आयक, त्याले काऊन काढलं मी? दार लावून एकटाच पेत जाय. राहू दे उघडं."